आप्पांच्या तळपायाची जखम, पेशींची वीज आणि व्हिडिओतले ‘जिवंत रोबो’

तुमचा प्रश्न मोठा आहे, म्हणून बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. वडिलांना, म्हणजे आप्पांना, चौदा वर्षांपासून शुगर. वय ६१. पलूसकडे ऊस आहे आणि पाणी पाजायला अजून ते स्वतः जातात. डाव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूला, साडेचार महिने जखम आहे. उपाशीपोटी शुगर २४०. ड्रेसिंग घरीच चालतं. माणसाच्या पेशींपासून बनवलेले रोबो जखमा भरून काढतात असा एक व्हिडिओ तुम्ही पाहिला. त्याच आठवड्यात एक गृहस्थ ‘बायोइलेक्ट्रिक थेरपी’चं मशीन घेऊन भेटले. वीस बैठका, एकेकीचे १५०० रुपये, म्हणजे तीस हजार. तुम्ही विचारता: मशीन सुरू करावं, की रोबोंचा उपचार भारतात येईपर्यंत थांबावं?

मी सर्जन आहे. सांगली-मिरजेत बावीस वर्षं मुख्यतः शुगरवाल्यांचे पाय बघतो. तुमच्या दोन्ही पर्यायांवर बोलतो, पण त्याआधी एक विचारायचं आहे. साडेचार महिन्यांत ही जखम का भरली नाही, हे आजवर कुणी तुम्हाला सांगितलं का? पोस्टमध्ये तसं काही दिसत नाही. हे कळल्याशिवाय मशीन असो, मलम असो की रोबो, सगळं अंधारात दगड मारणं आहे.

तुम्ही टाकलेल्या फोटोवरून मी निदान करणार नाही. पायात रक्त किती पोचतं, हाडाला संसर्ग आहे का, संवेदना किती शिल्लक आहे, किडनीची काय अवस्था आहे, यावर सगळं अवलंबून. फोटोत जखमेभोवती पिवळसर जाड घट्टा दिसतो, तेवढं मात्र नक्की. त्याच्याकडे परत येऊ.

आधी विजेचं बोलू. मशीनवाला सांगतो त्यातलं अर्धं खरं आहे, म्हणून तर माणूस फसतो.

आपल्या कातडीच्या पेशी सोडियमचे आयन सतत आतल्या बाजूला ढकलत असतात. त्यामुळे कातडीची आतली बाजू धन आणि वरची ऋण राहते आणि दोन्हींत साधारण दहा ते साठ मिलिव्होल्टचा फरक पडतो. टॉर्चचा सेल १५०० मिलिव्होल्टचा असतो, म्हणजे हे किती बारीक काम आहे बघा. कातडी अखंड आहे तोवर हा दाब अडवलेला असतो. कापलं की तिथला अडसर जातो. भरलेल्या पाटाला भगदाड पडावं तसं. तुम्ही रात्री पाणी पाजताना पाट फुटला तर अंधारात कसं ओळखता? पाणी कुठल्या दिशेला ओढ घेतंय ते पायाला कळतं आणि त्या ओढीमागे गेलं की भगदाड सापडतं. जखमेच्या कडेच्या पेशींचंही साधारण असंच चालतं. आयनांचा प्रवाह जखमेकडे वाहतो आणि पेशी त्या रोखानं सरकत जातात.

एमिल द्यू ब्वा-रेमाँ या जर्मन शास्त्रज्ञानं १८४० च्या दशकात स्वतःच्या बोटाच्या जखमेतून वाहणारा असा प्रवाह मोजला होता. पुढे १९८२ मध्ये गिनीपिगच्या कातडीवर मोजमाप झालं. जखमेच्या अगदी कडेला दर मिलिमीटरला शंभरेक मिलिव्होल्टचा उतार सापडला. २००६ मध्ये मिन झाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत बाहेरून उलट्या दिशेनं विजेचं क्षेत्र लावलं, तर पेशी चक्क जखमेकडे पाठ फिरवून चालू लागल्या. तो निबंध मी वाचला तेव्हा रात्री उशिरापर्यंत झोप आली नव्हती. पेशीला दिशा दाखवणाऱ्या इतर खुणाही असतात, पण तिथं विजेनं त्यांच्यावर मात केली होती.

आता यातली गोम. हा दाब तयार करणारे पेशींचे पंप फुकट चालत नाहीत. एक पंप तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो, आणि दर फेरीला पेशीचं इंधन जळतं. ते इंधन बनवायला प्राणवायू लागतो आणि तो रक्तातून येतो. पायाच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या असतील, तर पेशींच्या बॅटरीला चार्जिंगच नाही. डीपीला लाईट नसताना शेतात नवी मोटर बसवून काय होणार?

दुसरी गोष्ट, प्रवाह वाहायला ओल लागते. जखम खडखडीत वाळली की तो तुटतो. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवर दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर कातडी उघड्या, वाळलेल्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगानं चढते. विजेचा भाग हे त्याचं एकमेव कारण नव्हे, पण एक आहे. आपल्याकडे मात्र ‘जखम सुकली पाहिजे’ हे डोक्यात पक्कं बसलंय. सांगली हळदीचं गाव, त्यामुळे माझ्याकडे आठवड्यात एक तरी पाय पिवळाधमक येतो. हळद, वर पावडर, वर उन्हात बसणं. हळदीशी माझं वैर नाही, भाजीत घाला. पण जखमेत घट्ट बसलेली हळद खरवडून काढताना खालचं मांस कसं आहे ते दिसत नाही आणि पेशंटचे दोन आठवडे जातात ते वेगळेच. यालाही अपवाद आहे. रक्तपुरवठा तुटून बोट काळं-कोरडं पडलं असेल तर ते ओलं करायचं नसतं, कोरडंच ठेवून आधी रक्तवाहिन्यांचं बघायचं. म्हणून म्हटलं, पाय बघितल्याशिवाय नियम सांगता येत नाही.

बाहेरून वीज देऊन जखम लवकर भरते का? मीही यात पडलो होतो. पंधराएक वर्षांपूर्वी मोठ्या उत्साहानं ठोके देणारं एक छोटं मशीन घेतलं आणि पंधरा-वीस पेशंटना लावलं. बऱ्याच जणांच्या जखमा आक्रसायला लागल्या. मी खूश. मग आमच्या सिस्टर एकदा सहज म्हणाल्या, “सर, हे लोक आठवड्यातून तीनदा येतात, आपण प्रत्येक वेळी घट्टा काढतो, ड्रेसिंग करतो, अर्धा तास पाय वर करून झोपवतो. बाकीचे पंधरा दिवसांनी एकदा येतात.” एवढं ऐकलं आणि माझं विमान खाली आलं. नुसता पलंग आणि सिस्टरांचे हात यांनी किती काम केलं आणि मशीननं किती, हे मला सांगताच येईना. तुलनेसाठी मी दुसरा गट ठेवलाच नव्हता. ते मशीन आता फिजिओथेरपीच्या खोलीत कुणाची तरी पाठ शेकतंय.

म्हणजे विजेचा उपचार थोतांड आहे असं नाही. नीट न जुळणाऱ्या हाडांसाठी विजेची उपकरणं अमेरिकेत १९७९ पासून मान्य आहेत. तिथली सरकारी विमा योजना मेडिकेअर जुनाट जखमांना वीज देण्याचे पैसेही देते. पण तिची अट वाचा: आधी निदान ३० दिवस नेहमीचे उपचार नीट झाले पाहिजेत आणि तरीही जखम हललेली नसली पाहिजे. मधुमेही पायासाठी सूचना काढणारा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगट तर आणखी कडक आहे. त्याच्या २०२३ च्या सूचनांत अशा भौतिक उपचारांच्या वाटेला जाऊ नका असाच सल्ला आहे, कारण पुरावा कच्चा. आप्पांचे नेहमीचे उपचारच अजून पूर्ण झालेले दिसत नाहीत, मग तीस हजारांचा टप्पा कसा आला?

यात एक धोका आहे, तो मशीनवाला सांगणार नाही. दोन वर्षांपूर्वी एक आजोबा आले. तळव्याला जुनी जखम होतीच, वर घोट्याजवळ दोन गोल, पांढरट डाग, रुपयाएवढे. मुलाला विचारलं. म्हणाला, मशीन लावणाऱ्यानं विचारलं, ‘झिणझिण्या येतात का?’ आजोबा म्हणाले, ‘नाही.’ त्यानं वाढवलं. परत विचारलं, परत नाही. त्या पायाला संवेदनाच नव्हती, झिणझिण्या येणार कुठून? पट्ट्यांखालची कातडी भाजून गेली आणि आजोबा शांतपणे बसून होते. आधी एक जखम होती, आता तीन झाल्या. गरम पाण्यात पाय बुडवणं, शेकायची पिशवी, यांचंही हेच. बधिर पायाला विचारून कुठलाही उपचार कमी-जास्त करायचा नसतो. पेसमेकर असेल किंवा हाडाला संसर्ग असेल तर असलं मशीन लावायचा विषयच नाही, आणि आप्पांचं हाड अजून कुणी तपासलेलं नाही.

आता व्हिडिओ. तुम्ही पाहिलं ते बहुधा अँथ्रोबॉटबद्दल असावं. त्याची सुरुवात बेडकापासून झाली. टफ्ट्स विद्यापीठातले मायकेल लेव्हिन, व्हरमाँट विद्यापीठातले जॉश बोंगार्ड आणि त्यांचे सहकारी यांनी जानेवारी २०२० मध्ये झेनोबॉट जाहीर केले. नावात रोबो असलं तरी त्यात धातू नाही, तार नाही. एका आफ्रिकी बेडकाच्या गर्भातल्या कातडीच्या आणि हृदयाच्या पेशी घेतल्या. कुठला आकार कसा चालेल हे महासंगणकानं शोधलं आणि मग डग्लस ब्लॅकिस्टन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक चिमट्यानं पेशींचा गोळा कोरून तो आकार दिला. मिलिमीटरपेक्षा लहान. हृदयाच्या पेशी आकुंचन पावतात, त्या जोरावर तो सरकतो. खायला घालावं लागत नाही, पेशीत साठलेल्या शिदोरीवर आठवडा-दहा दिवस जगतो आणि संपतो.

अँथ्रोबॉट २०२३ च्या अखेरीस आले. त्या कामात गिझेम गुमुश्काया प्रमुख होत्या. इथे पेशी प्रौढ माणसाच्या श्वासनलिकेतल्या. त्या पेशींवर बारीक केस असतात, धूळ आणि कफ वर ढकलणारे. पेशी अशा वाढवल्या की केस गोळ्याच्या बाहेरच्या बाजूला आले, आणि तो गोळा त्या केसांची वल्ही मारत फिरायला लागला. जनुकांत काही बदल केलेला नाही. आकार ३० ते ५०० मायक्रोमीटर, आयुष्य दीड-दोन महिने. मग काचेच्या बशीत मानवी चेतापेशींचा थर वाढवून त्यावर ओरखडा काढला. अँथ्रोबॉटचा पुंजका त्या ओरखड्यावर पुलासारखा बसला आणि तीनेक दिवसांत त्याच्याखालून चेतापेशी वाढून दोन्ही कडा जोडल्या गेल्या. ‘जखम भरणारे रोबो’ म्हणतात ते हे.

मला हे काम अचाट वाटतं. हे घडवायला त्या पेशींना कुणी सांगितलं नव्हतं, हे तर जास्तच. पण बशीतला ओरखडा आणि आप्पांची जखम यांत काय काय नाही ते बघा. बशीत जंतू नाहीत. बशीत रक्तवाहिनी तुंबलेली नाही, पोषक द्रव वरून ओतलेला असतो. त्या ओरखड्यावर दिवसातून चार हजार वेळा कुणी पाय देत नाही. आणि अजून हे गोळे उपचार म्हणून कुणाच्या जखमेत घालायची वेळ आलेली नाही. माझा अंदाज विचाराल तर त्यांचा पहिला उपयोग शुगरच्या पायासाठी होणारच नाही. इतकी घाण, इतका दाब, इतकं कमी रक्त असलेली जागा नवा उपचार तपासायला कोण निवडेल?

लेव्हिन यांच्याच गटाचं २०२२ चं बेडकाचं काम मला जास्त जवळचं वाटतं. प्रौढ बेडकाला तुटलेला पाय परत येत नाही. त्यांनी पाच औषधं रेशमाच्या प्रथिनाच्या जेलमध्ये भरून तुटलेल्या टोकावर फक्त २४ तास टोपीसारखी बसवली आणि पुढचे १८ महिने पाय वाढत राहिला. अगदी मूळसारखा झाला नाही, पण बेडूक त्यानं पोहायला लागला. पेशींना सुरुवातीला एकदा योग्य इशारा दिला आणि जागा नीट राखली, की पुढचं पुष्कळ त्या स्वतः करतात. जखमेचं काम करताना मीही याच भरवशावर असतो. फक्त माझ्याकडे औषधांची टोपी नाही, ब्लेड आणि प्लास्टर आहे.

तेव्हा घट्ट्याकडे येऊ. तळव्याची जखम आणि भोवती जाड घट्टा म्हणजे तिथं रोज दाब पडतो आहे. बधिर पाय दुखत नाही, म्हणून माणूस लंगडत नाही, म्हणून जखमेवरच चालतो. पाटाचं भगदाड रात्री लिंपायचं आणि सकाळी त्यावरूनच ट्रॅक्टर न्यायचा, असं साडेचार महिने चाललंय. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या पायांवर काम करताना हेच ओळखलं: रोगानं मांस सडत नव्हतं, दुखणं न कळल्यामुळे पाय झिजत होते. भार काढला, प्लास्टर घातलं, की वर्षानुवर्षांच्या जखमा भरायच्या. तळव्याला घट्ट बसणारं गुडघ्याखालचं प्लास्टर आजही अशा जखमेसाठी सगळ्यात भरवशाचं मानतात.

तपासताना मी काय करतो ते सांगतो, म्हणजे तुम्ही कुणाकडेही गेलात तरी काय व्हायला हवं ते कळेल. आधी पेशंटला डोळे मिटायला सांगतो आणि नायलॉनचा एक ठरावीक तंतू तळव्याला वाकेपर्यंत टेकवतो. ‘लागलं की सांगा.’ पुष्कळदा खोलीत नुसता पंखा ऐकू येतो. मुलगा बघत असतो, तंतू पाचव्या जागी वाकलेला असतो आणि बाप विचारतो, “सुरू केलं का, डॉक्टर?” मग ब्लेडनं घट्टा पातळ करतो. वरून हरभऱ्याएवढी दिसणारी जखम घट्टा निघाल्यावर खाली बोराएवढी निघते. मग बोथट धातूची सळई हळूच आत घालतो. मऊ लागलं तर ठीक. टक्क करून टणक लागलं, तर हाडापर्यंत वाट झाली आहे असं धरून एक्स-रे आणि पुढच्या तपासण्या. त्यानंतर घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर. ०.९ च्या खाली आलं तर रक्त कमी पडतंय. शुगरवाल्यांत रक्तवाहिन्या कडक होऊन हा आकडा खोटा चांगला येतो, म्हणून १.३ च्या वर आला तरी मी खूश होत नाही, डॉपलर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह बघायची तपासणी, करून घेतो.

रक्त पुरेसं असेल, हाड स्वच्छ असेल, तर भार काढून चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ निम्मं व्हायला हवं. झालं, तर बहुतेक तीन महिन्यांत भरते. नाही झालं, तर काहीतरी चुकतंय, परत शोधायचं. रक्तच कमी असेल तर आधी रक्तवाहिनी उघडावी लागेल. त्या पायाला थेट प्लास्टर घालणं धोक्याचं.

आता या आठवड्यात करायचं ते. मशीनवाल्याला आगाऊ पैसे देऊ नका. आप्पांचं शेतात जाणं थांबवा. मला माहीत आहे हे बोलायला सोपं. रात्रीची लाईट असते, मोटर चालू करायला जावं लागतं, पाचट तुडवत, बहुतेक अनवाणी. पण दोन महिने वाटेकऱ्याला किंवा भावाला सांगा. ‘कमी चाला’ असं म्हणून भागत नाही. संडासला जायलासुद्धा तो पाय टेकतोच, म्हणून वॉकर आणा. जखम मिठाच्या निर्जंतुक पाण्यानं धुवा, ओलसर गॉज, वर कोरडं, बस. स्पिरिट नको, पावडर नको. शुगर २४० वर ठेवून बाकीचं सगळं करणं म्हणजे भोकाच्या बादलीत पाणी भरणं, तेव्हा शुगरच्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात जा. ताप आला, लाली वर चढली, वास सुटला, बोट काळं पडायला लागलं, तर मात्र आठवड्याची वाट बघायची नाही. त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा.

खर्चाची काळजी असेल तर मोठ्या रुग्णालयात सरकारी योजनेचे आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना आधी भेटा, कशाचा खर्च योजनेत बसतो ते सांगतील. सांगली, मिरज, कऱ्हाड, कुठेही पायाच्या जखमा बघणारा सर्जन मिळेल. माझ्याकडेच यायला हवं असं नाही.

आणि जाताना आप्पांची रोजची चप्पल पिशवीत घालून न्या. दवाखान्यासाठी घेतलेली नवी नको, शेतात घालतात तीच. मागच्या महिन्यात एकाच्या चपलेत अंगठ्याच्या बरोबर खाली खिळ्याचं टोक वर आलेलं सापडलं. त्याला कधीच टोचलं नव्हतं.